ताज्या हॉप्सच्या बिअरचं ब्लाइंड टेस्टिंग: ग्लासात नेमकं काय शोधायचं?

प्रश्न थोडक्यात असा: आसपासच्या ब्रुअरींनी या हंगामात ताज्या हॉप्सपासून (बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) काढलेल्या दहा बिअर, लेबलं झाकून, एकाच बैठकीत चाखायच्या आहेत. विचारणाऱ्यांना बिअरची सवय आहे, पण अशा टेस्टिंगला जाण्याची ही पहिलीच वेळ. ‘सगळ्या सारख्याच लागल्या तर?’ ही त्यांची धास्ती, आणि ‘ताज्या हॉप्सची चव ओळखायची कशी, गुण द्यायचे कसे?’ हा प्रश्न.

सारख्या लागतील ही धास्ती सोडून द्या. दहाही वेगळ्या लागतील, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. हॉप्सची जात वेगळी, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) वेगळं, यीस्ट वेगळं, कॅन भरल्याची तारीख वेगळी, एक ग्लास जास्त गार, दुसरा कोमट झालेला, शिवाय त्याआधी तुमच्या तोंडात कुठली बिअर होती हेही आलंच. या गर्दीतून ताज्या हॉप्समुळे आलेला फरक तेवढा वेगळा काढायचा आहे. नवखा माणूस इथे एक चूक हमखास करतो: ज्या ग्लासाचा वास सगळ्यात दणदणीत, तोच सगळ्यात ताजा असं धरून चालतो. बहुतेक वेळा ते उलटं असतं. दणदणीत वास वाळवलेल्या हॉप्सच्या गोळ्या भरपूर टाकून कुणालाही आणता येतो. ताज्या हॉप्सची खूण तीव्रतेत नसते. ती एका विशिष्ट हिरवेपणात असते, आणि ती मऊ असते.

हे का, ते समजलं की शोधणं सोपं जातं. हॉप्सची फुलं वेलीवरून उतरवली तेव्हा त्यांच्या वजनाचा ७५ ते ८० टक्के भाग नुसतं पाणी असतो. एरवी ती लगेच भट्टीत, साधारण ५५ ते ६५ अंश सेल्सिअसच्या गरम हवेत वाळवतात, ओलावा ८ ते १० टक्क्यांवर आणतात, मग दाबून गाठी बांधतात किंवा दळून गोळ्या करतात. ताज्या हॉप्सच्या बिअरमध्ये ही भट्टी वगळलेली असते. फुलं तोडल्यापासून शक्यतो २४ तासांच्या आत ती ब्रूमध्ये पडली पाहिजेत, नाहीतर ढिगाच्या पोटात गरम होऊन सडायला लागतात. पाण्याचं वजन धरून त्यांचं प्रमाणही चार ते सहापट वाढवावं लागतं. १०० लिटरला ५०० ग्रॅम वाळलेले हॉप्स पुरले असते, तिथे २ ते ३ किलो ओले लागतात. म्हणूनच या बिअर हॉप्सच्या मळ्यांजवळ निघतात, आणि वर्षातून एकदाच: उत्तर गोलार्धात ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या तोडणीनंतर, न्यूझीलंडसारख्या दक्षिणेकडच्या देशांत मार्चच्या आगेमागे. अमेरिकेतलं यकिमा खोरं, इंग्लंडमधलं केंट, जर्मनीतलं हालरटाउ हे हॉप्सचे मोठे पट्टे. मळा दूर असेल तर सगळा खेळ वाहतुकीचा. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा ब्रुअरीने १९९६ मध्ये अशी बिअर काढली, तेव्हा हॉप्स यकिमाहून मागवले होते.

भट्टीत पाण्याबरोबर सगळ्यात हलकी, चटकन उडणारी द्रव्यंही जातात. मिर्सिनसारख्या तेलांचा काही भाग उडतो. कापलेल्या गवताचा वास देणारी पानातली द्रव्यंही जातात. राहतं ते जास्त एकवटलेलं, राळेसारखं, टोकदार. ताजा पुदिना आणि वाळवलेला पुदिना शेजारी ठेवून हुंगा, फरक साधारण त्याच जातीचा आहे. बिअरमध्ये तो असा दिसतो: नुकतं कापलेलं गवत, काकडीची साल, टरबुजाचा सालीलगतचा पांढरट भाग, बोटांत चुरगळलेलं कोवळं पान. त्यामागे त्या त्या जातीचा नेहमीचा वास असतोच, पण कडा घासल्यासारखा. कॅस्केड जातीचा चकोतऱ्याचा वास, उदाहरणार्थ, सालीच्या तिखट तेलाऐवजी गराकडे झुकतो.

एक खुलासा आयोजकांकडून आधीच करून घ्या. ‘फ्रेश हॉप’ असं लिहिलेली प्रत्येक बिअर ओल्या फुलांची असेलच असं नाही. काही ब्रुअरी त्याच हंगामात नुकत्याच वाळवलेल्या हॉप्सनाही हेच नाव लावतात. दोन्ही प्रकार एकाच रांगेत असतील तर तुलना फसते, कारण दुसऱ्यात तुम्ही वर सांगितलेला हिरवेपणा शोधत बसाल आणि तो नसणारच. शिवाय कडूपणासाठी बहुतेक जण वाळवलेलेच हॉप्स वापरतात. त्यात तथ्य आहे: ओल्या फुलांतल्या, कडूपणा देणाऱ्या अल्फा आम्लांचं प्रमाण मोजून घ्यायला वेळच नसतो, त्यामुळे कडूपणाचा हिशेब बेभरवशाचा होतो. तेव्हा ‘शंभर टक्के ओले हॉप्स’ नसणं हा दोष धरू नका.

जाण्याआधी घरी एक सराव करता आला तर जरूर करा, तो दहा लेख वाचण्यापेक्षा उपयोगी आहे. एकाच धाटणीच्या दोन पेल एल घ्या, जमल्यास एक ताज्या हॉप्सची आणि एक साधी. दुसऱ्या कुणीतरी तुमच्या नजरेआड तीन सारखे ग्लास भरायचे: दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. तुम्ही वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून एका फेरीला काही अर्थ नाही. सहा फेऱ्या करा, दर वेळी मांडणी बदलून. सहापैकी पाच वेळा बरोबर आलं तर तुम्हाला फरक खरंच कळतोय असं धरायला हरकत नाही, कारण निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता २ टक्क्यांहून कमी. चार वेळा बरोबर आलं तर ती १० टक्क्यांवर जाते, म्हणजे अजून खात्री नाही. दोन्ही बिअरचा रंग वेगळा असेल तर डोळे मिटून हुंगा किंवा रंगीत ग्लास वापरा, नाहीतर परीक्षा नाकाऐवजी डोळ्यांची होईल.

त्या दिवशीची पथ्यं सगळ्यांना ठाऊक असतात आणि तरी कुणी ना कुणी मोडतोच. अत्तर, सुगंधी हँडवॉश, आफ्टरशेव्ह नको. याचा त्रास तुमच्यापेक्षा शेजारच्याला जास्त होतो. तासभर आधीपासून कॉफी, सिगारेट, तिखट आणि मिंटच्या गोळ्या बंद. उपाशी जाऊ नका. सर्दी असेल तर सरळ कळवून टाका आणि गुण देऊ नका. नाक बंद असताना चव म्हणून जे उरतं ते फक्त गोड, आंबट, कडू, खारट आणि थोडा उमामी. मद्याचा हिशेबही आधीच करून ठेवा. १० नमुने, प्रत्येकी ६० मिली, सरासरी ६ टक्के म्हटलं तर ३६ मिली शुद्ध अल्कोहोल पोटात जातं, वजनात सुमारे २८ ग्रॅम. गाडी चालवण्याचा विचार सोडा. थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असेल तर संकोच न करता वापरा. बिअरचे परीक्षक सहसा घोट गिळतात, कारण गिळल्यानंतर घशात उरणारा कडूपणा आणि नाकात परत येणारा वास हाही निकालाचा भाग असतो. पण पहिला घोट गिळून पुढचे थुंकले तरी काम भागतं.

बसल्यावर आधी रिकामा ग्लास हुंगा. कपाटात पालथा ठेवलेल्या ग्लासाला लाकडाचा किंवा पुठ्ठ्याचा कोंदट वास धरतो, आणि पुठ्ठ्याचा वास तर जुन्या बिअरचं मुख्य लक्षण! हा वास ग्लासाचा की बिअरचा हे नंतर ठरवता येत नाही. शंका आली तर साध्या पाण्याने विसळून निथळून घ्या. ग्लास तोंडाशी निमुळता असावा, २०० ते २५० मिलीचा, आणि त्यात बिअर ६० ते ७५ मिलीच, म्हणजे वर वास साठायला जागा राहते. तापमान ७ ते १० अंश चांगलं. फ्रीजमधून थेट ३-४ अंशांवर आलेल्या बिअरला वासच नसतो. तशी आली तर ग्लास दोन्ही तळहातांत धरून दोन-तीन मिनिटं थांबा. टेस्टिंग उघड्यावर असेल तर सावलीत बसा. हॉप्सच्या कडू द्रव्यांवर ऊन पडलं की त्यातून स्कंक नावाच्या प्राण्याच्या दुर्गंधीसारखा, जळक्या रबराकडे झुकणारा वास तयार होतो, आणि काचेच्या ग्लासात त्याला काही मिनिटं पुरतात. चांगल्या बिअरला अशी विनाकारण शिक्षा झालेली पुष्कळदा दिसते.

आता मुख्य भाग. ओतल्याबरोबर, फोटो काढण्याआधी, रंग बघण्याआधी, नाक लावा. जे शोधायला आलात ते सगळ्यात आधी उडून जाणारं आहे. एक लांब श्वास घेऊ नका. दोन-तीन छोटे, कुत्रा हुंगतो तसे झटके घ्या आणि मनात आलेला पहिला शब्द लगेच लिहा, तो वेडगळ वाटला तरी. ‘काकडी’, ‘पावसाळी अंगण’, ‘बॉलपेनची शाई’, काहीही. मग ग्लासावर तळहात झाका, दोन वेळा फिरवा, हात काढून पुन्हा हुंगा. या दुसऱ्या वासात माल्ट, यीस्ट आणि दोष वर येतात. पहिल्या आणि दुसऱ्या वासाच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवा, एकत्र केल्यात की पहिला वास दुसऱ्याखाली गाडला जातो.

रंग आणि फेस यांवर अर्धं मिनिटही घालवू नका. ओल्या हॉप्समधून पॉलिफेनॉल (वनस्पतींतली तुरट द्रव्यं) भरपूर येतात, त्यामुळे बिअर थोडी गढूळ असणं साहजिक आहे.

मग १५-२० मिलीचा घोट. तो जिभेवरून सगळीकडे फिरवा, गिळा, तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. हिरवेपणा दुसऱ्यांदा इथे भेटतो, आणि बऱ्याचदा ग्लासावरच्या वासापेक्षा स्पष्ट. त्यानंतर किमान ३० सेकंद काही करू नका. कडूपणा उशिरा चढतो आणि उशिरा उतरतो. घाईत पुढचा घोट घेतला तर आधीचा कडूपणा त्याच्या नावावर जमा होतो.

इथेच कडू आणि तुरट यांची फारकत करायला शिका, कारण ताज्या हॉप्सच्या बिअरचं बरंवाईट पुष्कळदा याच रेषेवर ठरतं. कडूपणा ही चव आहे, जिभेच्या मागच्या भागात आणि घशात रेंगाळते. तुरटपणा हा स्पर्श आहे. घोट गिळल्यावर जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागून फिरवा: दात गुळगुळीत लागले तर ठीक, चॉक पुसल्यासारखे खरखरीत लागले आणि गाल आत ओढल्यासारखे वाटले तर तुरटपणा आहे. किलोकिलोने पालापाचोळा गरम वर्टमध्ये (बिअर होण्याआधीच्या माल्टच्या गोड काढ्यात) फार वेळ ठेवला की हे होतं. किंचित तुरटपणा चालतो, थोडा ताजेपणाही देतो. पण तिसऱ्या घोटानंतर पाणी मागावंसं वाटलं तर गुण कापा.

हिरवा आणि कुजका हीही अशीच एक फारकत. ढिगात तापलेल्या हॉप्सची बिअर पहिल्या हुंगण्याला ‘हिरवी’च वाटते, पण तिच्या मागे ओला पेंढा, खताचा खड्डा, कधी शिजवलेल्या पालेभाजीचं पाणी असा जडपणा असतो. ताजा हिरवेपणा नाकात वर चढतो आणि विरतो, कुजका खाली बसतो आणि रेंगाळतो. कांदा-लसणाचा वास आला तर मात्र लगेच दोष लिहू नका. समिटसारख्या काही जातींत तो मूळचाच असतो, आणि काही जातींत तोडणी उशिरा झाली की वाढतो. आवडला नाही तर आवडीच्या रकान्यात लिहा.

बाकी दोष कुठल्याही बिअरचे तेच, पण इथे त्यांचे अर्थ थोडे बदलतात. लोण्याचा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास म्हणजे डायअॅसिटिल. हॉप्समध्ये एन्झाइम असतात. ते थंड टाकीत टाकले तर उरलीसुरली साखर फोडून देतात, यीस्ट पुन्हा कामाला लागतं आणि मध्येच पॅक केलं की हा वास राहतो. हंगामी बिअर बाजारात आणायची घाई असते, त्यामुळे तो इथे भेटण्याचा संभव जास्त. उकडलेल्या मक्याचा वास डीएमएसचा (डायमिथिल सल्फाइड), हिरव्या सफरचंदाचा अॅसिटाल्डिहाइडचा. हा दुसरा नवख्याला ‘ताजा हिरवेपणा’ म्हणून फसवतो, सांभाळा. सफरचंदाला फळाची, किंचित भिंतीच्या ओल्या रंगासारखी धार असते, गवताला ती नसते. चीज किंवा घामट मोज्यांचा वास जुन्या हॉप्सचा असतो. ताज्या हॉप्सच्या बिअरमध्ये तो आला तर कडूपणासाठी गोदामातला शिळा माल वापरला असावा असा माझा तर्क असतो. पुठ्ठा आणि उतरलेला मध म्हणजे ऑक्सिजन शिरलाय.

चौथ्या-पाचव्या ग्लासानंतर नाक थकतं. सगळंच मवाळ लागायला लागतं आणि उरलेल्या बिअर अकारण कमी गुण घेतात. उपाय साधे आहेत: दोन-तीन मिनिटं थांबा, पाणी प्या, बिनमिठाच्या पावाचा तुकडा चघळा, स्वतःच्या कोपराची आतली बाजू हुंगा. तो वास नाकाच्या सवयीचा असतो, त्यामुळे नाक मूळपदावर येतं. कॉफीचे दाणे हुंगण्याचा प्रकार दिसला तर दूर राहा, त्याने आणखी एक तीव्र वास तेवढा वाढतो.

क्रमाचा परिणाम मात्र पाण्याने धुतला जात नाही. ७.५ टक्क्यांच्या डबल आयपीएनंतर ४.८ टक्क्यांची नाजूक लागर पाण्यासारखी लागणारच. आयोजक ऐकणारे असतील तर पाच-पाचच्या दोन फेऱ्या, हलक्या आधी आणि जड नंतर, आणि फेरीतला क्रम प्रत्येकाला वेगळा, असं सुचवा. ग्लासांना अ, ब, क न देता ४१७, ८६२ असे तीन आकडी स्वैर क्रमांक द्यावेत. ‘अ’ किंवा ‘१’ दिसलं की मन नकळत त्याला वरचा नंबर देतं. यातलं काहीच होणार नसेल तर स्वतःपुरतं इतकं करा: प्रत्येक ग्लासात २० मिली शिल्लक ठेवा आणि शेवटी उलट्या क्रमाने सगळे एकदा हुंगा. तोवर सगळे सारखेच कोमट आणि वायू गेलेले असतात, त्यामुळे पहिल्या फेरीतले गुण बदलायचे ते फक्त दोन-तीन क्रमांकांमध्ये घोटाळा झाल्यासारखा वाटला तरच.

गुणांसाठी बीजेसीपी या बिअर-परीक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा ५० गुणांचा तक्ता बहुतेकांना माहीत असतो: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकूण ठसा १०. त्याचा उपयोग करा, पण या टेस्टिंगपुरता शेजारी आणखी एक रकाना आखा: ‘ताजे हॉप्स’, ० ते ५. कारण हे दोन प्रश्न वेगळे आहेत. निर्दोष, सुरेख बनवलेली पण ताज्या हॉप्सचा मागमूस नसलेली बिअर ५० पैकी ४० घेऊ शकते आणि या रकान्यात १. उलटंही होतं: कडेला जराशी तुरट, पण काकडी आणि गवताने भरलेली. एकाच आकड्यात दोन्ही कोंबले की सगळे जण ३२ ते ३६ च्या दरम्यान घुटमळतात. आवड तिसऱ्या ठिकाणी लिहा, एका शब्दात.

लिहून होईपर्यंत बोलायचं नाही, हा नियम कडक पाळा. टेबलावर कुणी एकदा ‘आंबा!’ म्हटलं की पुढे सगळ्यांना आंबाच येतो. भुवया उंचावणंही त्यातच आलं. आणि ‘ही अमक्याचीच’ असा ब्रुअरीचा अंदाज बांधू नका. अंदाज बांधला की लेबल ग्लासावरून उतरून डोक्यात चढतं आणि ब्लाइंड टेस्टिंगचा उद्देश तिथेच संपतो.

नावं उघड झाली की प्रत्येक क्रमांकासमोर चार गोष्टी मागून घ्या: पॅक केल्याची तारीख, हॉप्सची जात, ओले की नुकतेच वाळवलेले, आणि ते उकळीत टाकले की थंड टाकीत. तारीख आधी कळू देऊ नका, नंतर नक्की विचारा. हा हिरवेपणा काही आठवड्यांत ओसरतो, म्हणून १० दिवसांची बिअर ५० दिवसांच्या बिअरला हरवते तेव्हा त्यात ब्रूअरच्या कौशल्यापेक्षा कॅलेंडरचा वाटा जास्त असू शकतो. सरासरी गुण पाहण्याआधी गुणांचा पसारा पाहा. निम्म्यांना खूप आवडलेली आणि निम्म्यांनी नाकारलेली बिअर, आणि सगळ्यांना ‘ठीक’ वाटलेली बिअर, यांची सरासरी एकच येऊ शकते.

आयोजकांना जमण्यासारखी एक शेवटची विनंती: दहापैकी एक बिअर गुपचूप दोन वेगळ्या क्रमांकांनी द्यायला सांगा. तुम्ही त्याच बिअरला एकदा ३८ आणि एकदा ३३ दिलेत असं निघालं, तर तुमच्या तक्त्यावरचे पाचाच्या आतले सगळे फरक पुसून टाका आणि त्या बिअर बरोबरीच्या धरा.